नामक्कलात बघण्यासारखं काय आहे

कळंब,
ता. २१ नोव्हेंबर २००२

चि. सौ. तेजूस,

मामाचा पोटभर आशीर्वाद. सेंथिलरावांना रामराम, तुझ्या सासूसासऱ्यांना हात जोडून नमस्कार, आणि कावेरीच्या दोन्ही गालांना एकेक पापा. इकडे मी, मामी आणि दुकान, तिघंही चालतंय तसं चालतंय. यंदा पावसानं दगा दिला. घोडनदीत डिंभे धरणाचं पाणी सोडतात म्हणून तोंडं धुतोय, एवढं समज.

पत्र का लिहितोय म्हणशील. फोन आहे, पण फोन दुकानात आहे. मी ‘हॅलो तेजू’ म्हटलं, की साखर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक चहाची पूड पण मागतं आणि सुट्टे शोधत उभं राहतं. शिवाय फोनवर माणूस ठेवायच्या घाईत बोलतो. कागदाला घाई नसते. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं शिक्षण पुड्या बांधायच्या रद्दीवर झालं. त्यामुळे माझं ज्ञान जिथं पान फाटलं तिथं संपतं. चुकलंमाकलं सांभाळून घे.

तू विचारलंस, तुझ्या माहेरची, अवसरीची यात्रेची बस खरंच तमिळनाडूत येणार का. येणार. संक्रांतीची सुगडं पुजून चौदा जानेवारीच्या संध्याकाळी निघायचं. मी आणि मामीनं पण नावं दिलीत. रामेश्वर, मदुराई, कन्याकुमारी ही तीन गावं पक्की, ती देवानंच ठरवलेली. भांडण आहे ते उरलेल्या दोन दिवसांचं. कुठली गावं बघण्याजोगी आणि कुठली नाहीत, यावर भैरवनाथाच्या सभामंडपात तीन बैठका झाल्या. तिन्हींना मी कळंबहून सायकल हाणत गेलो. इलेक्शनला झाली नसेल एवढी गर्दी.

गुरुजी (तुला चौथीला होते तेच, आता रिटायर झालेत) शाळेतून नकाशा घेऊन आले आणि खांबाला टांगला. त्यांचं म्हणणं, तंजावर. मराठ्यांनी राज्य केलेलं गाव, मोडीतले कागद अजून जपून ठेवलेत, मराठी बोलणारी घरं अजून आहेत. वर जिंजीचा किल्ला पण घ्या म्हणाले. तर नवसू, आपला मेंढरंवाला, जागेवरनंच बोलला, “गुरुजी, किल्ला बगाया तिकडं कशापायी? हितं शिवनेरी हाय की. ती तरी कदी चढला?” गुरुजींनी नकाशाची गुंडाळी केली. मग पुन्हा उलगडली.

हा नवसू लई वात्रट. रामेश्वरला समुद्र आणि कन्याकुमारीलाही समुद्र, मग दोन्हीकडं कशाला जायचं, पाणी एकच की, असं त्याचं म्हणणं. बुवांनी डोळे वटारले तेव्हा गप्प बसला. सावळेराम बुवा यात्रेचे पुढारी, माळकरी माणूस. त्यांचा नातू सुदर्शन, मंचरला गाड्या बुक करायचं ऑफिस काढलंय त्यानं, तो उटीसाठी हटून बसला. उटीला थंडी असते म्हणाला. त्यावर गोजरबाई म्हणाली, “पौषात पहाटंचं कांद्याला पानी धराया ये माझ्यासंगं. उटी हितंच दावते.” आणि गोजरबाईला स्वतःला काय पाहिजे? कांचीपुरम. देवाचं गाव आहे म्हणे, पावलोपावली देवळं. बायका सगळ्या तिच्या बाजूनं. एवढी भक्ती बघून पुरुषमंडळी घाबरली, कारण कांचीपुरम कशासाठी ते रेशमाच्या दुकानाची जाहिरात बघितलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मी सगळं मजेनं लिहितोय. मजा होतीच. पण लिहायचं होतं ते अजून लिहिलं नाही.

तिसऱ्या बैठकीत तुझे वडील बोलले.

दाजी तिन्ही वेळा आले, खांबाला टेकून बसले, एक शब्द नाही. मी म्हटलं, ऐकायला येत असतील. त्या दिवशी सगळे बोलून दमले तेव्हा त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “नामक्कल घ्या.”

गुरुजी नकाशावर बोट फिरवू लागले. गाव सापडलं, सेलमकडून मदुराईला जाताना वाटेवरच आहे म्हणाले. तिथं काय आहे, बुवांनी विचारलं. दाजी म्हणाले, पोल्ट्री आहे. देशभर अंडी तिथनं जातात. एकदा बघायचीय.

यात्रेत अंडी! दोघातिघांनी उपरणं तोंडाला लावलं. पण तेजू, एक गोष्ट कुणी बोललं नाही. दाजींच्या शेडमध्ये पाच वर्षं झाली कोंबडीचं पीस नाही, हे कुणी म्हणालं नाही. नवसूसुद्धा नाही.

तुला काय सांगायचं. ज्या शेडमध्ये सेंथिलराव कंपनीकडून पक्ष्यांना लस टोचायला यायचे, तिथनंच तुमचं जमलं. तुम्ही निघून गेलात त्याच आठवड्यात दाजींनी सगळे पक्षी विकले आणि शेडमध्ये कांदा भरला. गावाला सांगितलं, तेजस्विनी बेंगलोरला कंपनीत ट्रेनिंगला आहे. तेव्हापासून तुझं ट्रेनिंग चाललंय. घरात तुझं नाव काढायचं नाही. तुझी आई, आमची अक्का, बाजारच्या दिवशी माझ्या दुकानात येते, पोत्यावर बसते, मी तुझी खुशाली सांगतो, ती पदरानं डोळे पुसून जाते. आणि संध्याकाळी म्हशीची धार काढताना सगळं म्हशीला सांगते. “कावेरीला दात आले गं बाई. आता चालाया लागली गं.” दाजी गोठ्याबाहेर बाजेवर पडलेले असतात. उठून जात नाहीत. अक्का आवाज बारीक करत नाही.

तू फोनवर म्हणालीस, मामा, तंजावर दाखव सगळ्यांना, मदुराई दाखव, कांचीपुरमपण चांगलं आहे, आमच्या नामक्कलात मात्र बघण्यासारखं काही नाही. मारुतीची मोठी मूर्ती आहे डोक्यावर छप्पर नसलेली, बाकी ट्रक आणि कोंबड्या. मी हो म्हटलं.

मला ओझरचं आठवलं. तू चार वर्षांची असशील. आपण सगळे विघ्नहराला गेलो होतो एसटीनं, तिथनं लेण्याद्रीला. पायऱ्या बघून तू खाली बसलीस. दाजींनी तुला खांद्यावर घेतलं. मी म्हटलं, दाजी, अर्ध्यात माझ्याकडं द्या. दिली नाही. वर जाऊन घामानं निथळत होते, तू त्यांच्या फेट्याचा शेमला चोखत बसली होतीस, आणि गुरवानं विचारलं, नवस होता का? दाजी म्हणाले, नाही हो, हिला वरनं गाव दाखवायचं होतं.

माणसाला काय बघायचंय ते तो सरळ सांगत नाही कधीकधी.

अजून काही ठरलेलं नाही. मनाचे मांडे भाजू नकोस. ठरलं की कळवतो.

तुझा
गेणभाऊ मामा

◆

कळंब,
ता. १९ डिसेंबर २००२, दत्तजयंती

चि. सौ. तेजूस, घरच्या सर्वांस यथायोग्य.

आज सुंठवडा वाटून दुकान लवकर बंद केलं आणि लिहायला बसलोय. काल शेवटची बैठक झाली. आधी बिघडलं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

दाजींनी कोंबड्यांचं निमित्त पुढं केलं आणि ते निमित्तच त्यांच्या बोकांडी बसलं. सुदर्शन पोरगा कामसू. त्यानं इकडंतिकडं फोन लावून नामक्कलातली एक लई मोठी पोल्ट्री बघायची परवानगी काढली. गावातले पोल्ट्रीवाले सगळे खूश. दुपारभराचा कार्यक्रम आखला. बुवांची माळकरी मंडळी तेवढ्यात मारुतीचं दर्शन घेतील, बाकीचे शेडवर. आणि पुढारी कोण? दाजी! ‘हौशीरामभाऊ, तुमच्यामुळं आमाला बगाया मिळतंय, तुमीच म्होरं ऱ्हावा, प्रश्न तुमीच इचारा.’ पाठीवर थाप मारून जो तो सांगू लागला.

दाजींचा चेहरा मी बघत होतो. गावात बस थांबणार तेवढी दुपार, आणि ती सगळी खाद्य, खुराडी आणि ट्रे मोजण्यात जाणार. मध्येच उठून जायचं तर कुठं जातो म्हणून सांगणार? ज्या माणसानं पाच वर्षं लेक बेंगलोरला ठेवलीय, त्याला नामक्कलात कुठला पत्ता असणार? पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखी गत झाली.

शेवटी म्हणाले, “ऱ्हाऊ द्या नामक्कल. उटी घ्या.”

सुदर्शननं टाळी दिली कुणाला तरी. पोल्ट्रीवाले कुरकुरले. गुरुजींनी पेन्सिलीनं नामक्कलवर केलेली खूण खोडरबरानं पुसायला घेतली.  बोलावं म्हटलं, पण मी अक्काचा भाऊ, त्या गावचा पाव्हणा. पाव्हण्यानं पंगतीत बसावं, पंचायतीत नाही. 

आणि बायकांच्या बाजूनं अक्का उठली.

तुला सांगितलं नव्हतं, तिचा उजवा गुडघा या पावसाळ्यापासून धरलाय. जमिनीवरनं उठायला हात लागतो. गोजरबाईच्या खांद्यावर भार देऊन उठली, त्यामुळे तिला उभं राहायला वेळ लागला, आणि तेवढ्यात सगळ्या मंडपाच्या माना तिकडं वळल्या. देवळाच्या बैठकीत अक्का आजवर एक शब्द बोललेली नाही, हे तुला ठाऊक आहे.

ती म्हणाली, “अंडीबिंडी काय न्हाई. माझी लेक नांदती तिथं. मला तिच्या घरी जायाचंय. ह्यास्नीबी जायाचंय, पर तोंडातनं निगत न्हाई, म्हनून कोंबड्या सांगत्यात. माझा गुडगा असा. पुढल्या साली मला कोन न्हेनार?”

नांदती, म्हणाली. सगळ्या गावापुढं. पळून गेली नाही, कुणी नेली नाही. नांदती.

दाजी खाली बघत होते. मला वाटलं, आता उठून जातील.  कबुतरं वर तेवढी घुमत होती.

मग बुवा बोलले, अगदी हळू. “सारजा, खाली बस. गुडगा दुखंल. आमाला ठावं हाय.”

अक्कानं मान वर केली. बुवा म्हणाले, “कोंबडं झाकलं म्हनून उजाडायचं ऱ्हातंय व्हय? पयल्या दिवसापास्नं ठावं हाय.”

तेजू, सगळ्यांना माहीत होतं गं. नवसूला तर तुम्ही निघालात ती सकाळच माहीत. तो रस्त्यानं मेंढरं नेत होता, तुमची गाडी मागनं आली, त्यानं कळप बांधाला घेऊन वाट दिली. “पोरगी रडत व्हती आन् हसत व्हती,” म्हणाला. पाच वर्षांत त्यानं हे कुणाला सांगितलं नाही, नवसूनं! ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यानं. गोजरबाई म्हणाली, हळदीकुंकवाला दरसाल मी सारजाला विचारते, पोरगी बरी आहे ना बेंगलोरला, आणि दरसाल माझी जीभ अडखळते. गुरुजींनी तर कबूल केलं की नकाशावर नामक्कल त्यांनी कधीच शोधून ठेवलं होतं, त्या दिवशी उगाच बोट फिरवत बसले.

सगळं गाव दाजींसाठी झाकत होतं, आणि दाजी गावासाठी झाकत होते. असा झाकपाकीचा संसार मी बघितला नाही.

दाजी अजून खालीच बघत होते. शेवटी त्यांनी एक आडकाठी काढली, बारीक आवाजात. लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये, अशी रीत आहे म्हणाले.

बुवांनी विचारलं, “मग? मूल न्हाई का?”

दाजी म्हणाले, “नात हाय. मला कुनी सांगितलं न्हाई. आमच्या घरात म्हशीला सांगत्यात.”

आधी गोजरबाई फुटली. मग सगळा मंडप. बुवा हसता हसता ठसकायला लागले, त्यांना पाणी दिलं. अक्कानं तोंडात पदर कोंबला, तरी तिचे खांदे हलत होते. तिला हसताना बघून मला किती दिवस झाले ते मोजायला गेलो नाही. दाजी मात्र हसले नाहीत. पण उठूनही गेले नाहीत.

आता निकाल ऐक. उटी मेली. पोल्ट्रीवाले म्हणाले, पोल्ट्री मरू दे, आम्ही पण तेजूच्याच घरी येतो. बुवांनी हुकूम सोडला की बस थेट दारापर्यंत न्यायची, गावची लेक आहे, गावानं जायला पाहिजे. तर माझे बाई, सोळा जानेवारीला दुपारी बसभर माणसं तुझ्या दारात उतरणार. तू म्हणालीसच की तुमच्या पोंगलात एक दिवस नातेवाइकांकडे जायचाच असतो. तो हाच धर.

घाबरू नकोस. बसबरोबर आचारी आणि भांडी आहेत. तू फक्त चहा कर. घरात त्या दिवशी अंडं दिसू देऊ नकोस, बुवांसाठी. सासूबाईंना सांग, माणसं मोठ्यानं बोलतात, भांडत नाहीत.

आणि एक. दाजी ‘चला’ म्हणालेले नाहीत. ‘नको’ पण म्हणालेले नाहीत. दारात बस थांबली आणि ते खाली उतरलेच नाहीत, तर काय करायचं हे मला माहीत नाही, अक्काला माहीत नाही, बुवांनाही माहीत नसावं. तू पुढं येऊन गळ्यात पडू नकोस. गाय नवीन दावणीला आली की आपण तिच्याकडे बघत नाही, आपल्या कामात राहतो, तसं कर. मी हे सांगतोय खरं, माझं मला जमेल की नाही कुणास ठाऊक.

तुझा
गेणभाऊ मामा

◆

कळंब,
ता. १० फेब्रुवारी २००३

चि. सौ. तेजूस,

सर्वांना यथायोग्य. यात्रा सुखरूप पार पडली. माझ्या टाचेला कन्याकुमारीच्या वाळूत शिंपला लागला, तीही बरी झाली.

परवा तू फोनवर रडलीस, दुकानात गिऱ्हाईक होतं, मला नीट बोलता आलं नाही. तू म्हणालीस, मामा, पाच वर्षांनी बाप दारात आला, आणि ‘कांदा लई बारका हाय तुमच्याकडं’ एवढंच बोलून गेला. सांबारातले ते गोट्यांएवढे कांदे बघून बोलले, मी शेजारीच जेवत होतो. तुझा हात वाढता वाढता थांबला ते मी पाहिलं.

पण तुला जे दिसलं नाही ते मला दिसलंय. म्हणून लिहितो.

बस थांबली तेव्हा ते शेवटच्या सीटवर होते. सगळे उतरले, अक्काला दोघींनी धरून उतरवलं, तू तिच्या गळ्यात, तुझं दुसरीकडं लक्षच नव्हतं. ड्रायव्हरनं मागं वळून विचारलं, पाव्हणं, उतरायचं न्हाई का? दाजी म्हणाले, चप्पल सापडेना. चप्पल पायात होती. ड्रायव्हर शहाणा, तो खाली वाकून शोधायला लागला. तेवढ्यात तुझी कावेरी पायरीवर चढली. हातात तिच्या उंचीपेक्षा मोठा ऊस, पोंगलचा. ती काय बोलली मला कळलं नाही, दाजींना तर नाहीच नाही. तिनं ऊस पुढं केला. सोलता येत नव्हता तिला.

उसाला भाषा लागत नाही. दाजी उतरले, कारण बसमध्ये चोयट्या पडल्या असत्या. तुमच्या ओट्याच्या कडेला बसले, दातानं साल काढली, बोटभर कांड्या केल्या आणि एकेक तिच्या हातावर ठेवत गेले. आत एकोणीसजणी तुझी ओटी भरत होत्या. तांदूळ, खण, नारळ, तुझी सासू तोंडाला हात लावून बघत होती, गोजरबाई नाव घ्यायला लावत होती. तिकडं बाहेर तुझे सासरे येऊन दाजींशेजारी बसले. दोघांचं बोलणं मी ऐकलं. सासरे तमिळमध्ये, दाजी अवसरीत. ऊस हातात घेऊन पेरं मोजत होते दोघंही, अंगठा आणि करंगळी ताणून. दोघांचंही समाधान झालेलं दिसलं.

जेवायला बसले तेव्हा आधी त्यांनी पेला उचलला आणि गटागटा पाणी प्यायले. भाताला हात लावायच्या आधी. तू सांबार आणायला आत गेली होतीस. अक्कानं बघितलं, मी बघितलं, बुवांनी बघितलं. 

मग तू आलीस आणि त्यांना काहीतरी बोलावं लागलं. आयुष्यभर कांदा पिकवलेला माणूस, तोंडात दुसरा शब्द नव्हता, जो होता तो दिला. तो शब्द बारका होता हे खरं.

निघताना ते तुझ्याकडं न बघता चढले, त्याचं तुला लागलं. चढल्यावर काय झालं ते ऐक. गुरुजींनी आपली पुढची खिडकीची जागा सोडली आणि दाजींना तिथं बसवलं. बस वळेपर्यंत ते मान बाहेर काढून होते. तू तेव्हा पदरानं डोळे पुसत होतीस, नाहीतर दिसलं असतं. पुढं बसमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही. नवसूनं तंबाखू मळली, चिमूट त्यांच्या हातावर ठेवली, आणि समुद्र अजून किती लांब आहे ते विचारलं. तेव्हा दाजी म्हणाले, “मला काय ठावं? मी काय रोज येतो व्हय हिकडं?” झालं, बस पुन्हा बोलायला लागली.

तंजावर झालं. गुरुजी त्या मोठ्या देवळाच्या सावलीत लहान पोरासारखे रडले. जिंजी आणि कांचीपुरम राहिलं. रामेश्वरला बावीस कुंडांच्या आंघोळीत सगळ्यांना हुडहुडी भरली, नवसू म्हणाला, हीच उटी.

गेल्या रविवारी यात्रेचं मावंदं घातलं. अवसरीत चूल मांडली, पंचक्रोशीतनं पैपाहुणा जेवायला आला. रीत म्हणून यात्रेकरूंनी वाढायचं. दाजींच्या हातात आमटीची बादली होती. पंगत बसल्यावर गुरुजींना राहवेना, त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली, कुठलं गाव सगळ्यात बघण्याजोगं. बुवा म्हणाले रामेश्वर, तो लांबच लांब दगडी खांबांचा रस्ता. गुरुजी स्वतःच तंजावर म्हणाले. गोजरबाई म्हणाली कांचीपुरम. आपण तिकडं गेलोच नाही, कुणीतरी म्हणालं. म्हणूनच, ती म्हणाली.

पंगतीत ओझरकडचे एक म्हातारे पाव्हणे होते, नात्यानं बुवांचे साडू लागतात. त्यांना आपल्याकडचं काही ठाऊक नाही. दाजी आमटी वाढत त्यांच्यापुढं आले तेव्हा त्यांनी सहज विचारलं, “काय पावणं, तुमी काय काय पायलं तिकडं?”

मी दोन ताटं सोडून भाताचं तसराळं घेऊन उभा होतो.

दाजी म्हणाले, “लेकीकडं गेलतो. नामक्कलला दिलीय ती. तसंच म्होरं रामेश्वर करून आलो.”

दिलीय, म्हणाले गं.

पंगतीत एकानंही मान वर केली नाही. सगळे माना खाली घालून जेवत राहिले, जसं रोजच ऐकतात. पाव्हणे म्हणाले, लांब दिली की. दाजी म्हणाले, “लांब हाय, पर घर चांगलं हाय. आमटी घ्या.” आणि पुढच्या ताटाकडे सरकले.

अक्का आत पुऱ्या लाटत होती. मी जाऊन सांगितलं. तिनं लाटणं थांबवलं नाही. म्हणाली, “मला ऐकू आलं.”

मुलीच्या लग्नात मामानं तिच्या मागं उभं राहायचं असतं. तुझं लग्न रजिस्टर ऑफिसात झालं, मला कळलं ते चार दिवसांनी. त्याची हुरहूर कधी बोललो नाही, बोलून काय होणार होतं. त्या दिवशी पंगतीत, हातात भाताचं तसराळं धरून, मला अक्षता पडल्यासारखं झालं बघ.

उन्हाळ्यात सुट्टी लागली की तिघं या. गाडी मंचरला उतरवते, मी न्यायला येतो. आता बेंगलोरहून यायची गरज नाही, सरळ नामक्कलहून या.

तुझ्या मागं उभा,
गेणभाऊ मामा